रद्दीतून इतिहासाकडे : कृष्णवर्णीय लेखकांच्या दुर्मीळ ग्रंथांचा शोध

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांच्या ग्रंथनिर्मितीला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीचा कवितासंग्रह १७७३ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतून पळवून आणलेल्या मुलीने या कविता रचल्या, यावर वाचकांचा विश्वास बसावा म्हणून बॉस्टनमधील प्रतिष्ठित गृहस्थांच्या स्वाक्षऱ्यांचे निवेदन त्या पुस्तकात छापावे लागले होते. पुढील काळात आत्मकथने, कादंबऱ्या, प्रवचने, पत्रके असे विपुल साहित्य निर्माण झाले. परंतु त्यातील पुष्कळसे लहान छापखान्यांतून, थोड्या प्रतींत आणि कित्येकदा लेखकाच्याच खर्चाने छापले गेले. मोठ्या ग्रंथालयांनी ते जपण्याची फारशी तसदी घेतली नाही. घरातील वडीलधारे गेल्यावर माळ्यावरची पुस्तके रद्दीत निघाली. या ग्रंथांच्या दुर्मीळतेमागे काळाचा हात जितका आहे, तितकाच या उपेक्षेचाही आहे.

संग्राहकांची परंपरा

या उपेक्षेला उत्तर दिले ते ध्येयवेड्या संग्राहकांनी. त्यांत आर्तुरो शोम्बर्ग (१८७४-१९३८) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. पोर्टो रिकोत जन्मलेले शोम्बर्ग १८९१ साली न्यूयॉर्कला आले. पुढे एका बँकेत टपाल विभागात नोकरी करीत असताना त्यांनी पगारातून पैसे वाचवून जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळली. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या दहा हजार डॉलरच्या निधीतून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने त्यांचा संग्रह विकत घेतला. त्यात पाच हजारांहून अधिक ग्रंथ आणि सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती. हार्लेममधील ‘शोम्बर्ग सेंटर’ ही आजची संशोधन संस्था याच संग्रहातून उभी राहिली.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर (१९०५-१९९५) यांनी केलेले कार्यही असेच मोलाचे आहे. तत्कालीन ग्रंथालयांत कृष्णवर्णीयांची पुस्तके, मग ती कवितांची असोत वा कथांची, बहुधा ‘गुलामगिरी’ आणि ‘वसाहतीकरण’ या दोनच वर्गांत कोंबली जात. पोर्टर यांनी ती पद्धत नाकारली आणि पुस्तकांची मांडणी लेखक व साहित्यप्रकार यांनुसार केली. खरेदीसाठी पुरेसा पैसा नसल्याने त्या ग्रंथविक्रेत्यांकडे, प्रकाशकांकडे आणि जुन्या घराण्यांकडे पुस्तकांची मागणी करीत. पुस्तक कपाटात असूनही चुकीच्या वर्गात पडले, तर ते वाचकाला हरवल्यासारखेच असते, हे त्यांनी ओळखले होते.

एका मृत्युनोंदीची साक्ष

जुन्या पुस्तकाच्या शोधातून काय हाती लागू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘अवर निग’ ही १८५९ साली बॉस्टन येथे निनावी छापलेली कादंबरी. १९८०च्या दशकाच्या आरंभी हेन्री लुई गेट्स या अभ्यासकाला मॅनहॅटनमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिची एक प्रत मिळाली. लेखिका गोरी असावी, अशी शंका पूर्वी घेतली जात असे. स्वतःच्या आणि मुलाच्या चरितार्थासाठी हे पुस्तक लिहिल्याचे लेखिकेने त्यात सांगितले होते. गेट्स यांनी हा धागा पकडला. पुस्तक निघाल्यानंतर सहा महिन्यांच्या आतच तो मुलगा मरण पावला होता. त्या मृत्युनोंदीत त्याचा वर्ण नमूद असल्याने हॅरिएट विल्सन ही लेखिका कृष्णवर्णीय असल्याचे सिद्ध झाले. पुस्तकाला त्या मुलाचा जीव वाचवता आला नाही. मात्र त्याच्या मृत्यूच्या नोंदीने आईचे कर्तृत्व उजेडात आणले. १९८३ साली कादंबरी पुन्हा प्रसिद्ध झाली.

हॅना क्राफ्ट्स या नावाने लिहिलेल्या एका हस्तलिखित कादंबरीची कथाही अशीच आहे. डोरोथी पोर्टर यांनी ते बाड १९४८ साली विकत घेऊन जपून ठेवले. २००१ च्या लिलावात ते गेट्स यांनी घेतले, २००२ साली ते छापले गेले आणि २०१३ मध्ये एका संशोधकाने लेखिका हॅना बॉण्ड असल्याचे पुढे आणले.

प्रत कशी पारखावी?

संग्राहकाने प्रथम पाहावे ते शीर्षकपृष्ठ आणि त्यामागील हक्कपृष्ठ. प्रकाशकाचे नाव, वर्ष आणि आवृत्तीचा उल्लेख तेथे मिळतो. जेम्स वेल्डन जॉन्सन यांची ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अॅन एक्स-कलर्ड मॅन’ ही कादंबरी १९१२ साली निनावी निघाली आणि १९२७ च्या आवृत्तीवर लेखकाचे नाव आले. त्यामुळे नाव असलेली प्रत पहिल्या आवृत्तीची नव्हे, हे तत्काळ कळते. नेला लार्सन यांच्या ‘पासिंग’ (१९२९) या कादंबरीचा अखेरचा परिच्छेद नंतरच्या एका छपाईत गाळला गेला, म्हणून तेथे शेवटचे पान पाहावे. रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ (१९४०) पुस्तक-मंडळाने सभासदांना पाठविली होती. अशा प्रती पहिल्या आवृत्तीसारख्या दिसतात. वेष्टनावर किंमत छापलेली नसेल तर सावध व्हावे.

कागदी वेष्टन असले की किंमत कित्येक पटींनी वाढते. ग्रंथालयाचे शिक्के असलेली प्रत बाजारात कमी दराने जाते. तथापि एखाद्या कृष्णवर्णीय शाळेचा वा चर्चचा शिक्का, वाचकाची सही, समासातील टिपणे यांतून पुस्तक कोणाच्या हाती गेले होते ते कळते. अशा खुणा कदापि पुसू नयेत.

सुरुवात कोठून करावी?

न्यूयॉर्कच्या स्वान गॅलरीजने १९९६ साली या विषयाचे स्वतंत्र लिलाव सुरू केले. त्यांच्या सूचीपत्रांतून किमतींचा व आवृत्त्यांचा अंदाज येतो. पोर्टर यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेली कृष्णवर्णीय कवींची सूचीही उपयुक्त आहे. मर्यादित ऐपतीच्या संग्राहकाने पत्रके, नियतकालिके आणि लहान प्रकाशनांकडे वळावे. डेट्रॉइट येथे डडली रँडल यांनी १९६५ साली सुरू केलेल्या ‘ब्रॉडसाइड प्रेस’ने आरंभी एकेका कागदावर एकेक कविता छापली. असे सुटे कागद सर्वांत आधी नष्ट होतात, म्हणून ते जपण्याची निकडही अधिक.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला अर्पण केला. ते दास्य स्वतः भोगून ज्यांनी लिहिले, त्या फ्रेडरिक डग्लस आदींची आत्मकथने नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. मराठी जिज्ञासूने ती आधी वाचावीत. पुस्तकाचा आशय ठाऊक असेल, तरच रद्दीच्या ढिगातील फाटकी, निनावी प्रत हाती येताच ओळखता येईल.