परीक्षकानेच केलेली कॉपी

परवा शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात एक टेस्ट फेल झाली. नेहमीची स्क्रिप्ट चालवली. आमच्या कंपायलरने जे आउटपुट दिलं तेच तिने 'अपेक्षित' म्हणून टेस्टच्या फाइलीत लिहून टाकलं, आणि टेस्ट हिरवी! घरी निघालो आणि जिन्यात एकदम ट्यूब पेटली. अरे, ते आउटपुट बरोबर होतं का? ते मी बघितलंच नव्हतं. म्हणजे विद्यार्थ्याचा पेपर समोर ठेवून नमुना उत्तरं लिहायची, आणि त्यावरून त्यालाच पैकीच्या पैकी द्यायचे :)

ही सोय आली कुठून, हे शोधण्यात वीकेंड गेला.

कंपायलर तपासणं मुळातच किचकट. एकाच प्रोग्रामची बरोबर असेंब्ली दहा तऱ्हांची असू शकते. आज एका रजिस्टरात झालेली बेरीज उद्या दुसऱ्यात होईल, त्यात चूक काहीच नाही. आउटपुट जसंच्या तसं जुळवायला गेलात तर टेस्ट रोज उगाच रडणार. म्हणून लागतो पॅटर्न. जीसीसीवाल्यांनी त्यासाठी डेजाग्नू वापरलं, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं, टीसीएल आणि एक्सपेक्टवर उभारलेलं. सी फाइलीतच कॉमेंटमध्ये लिहायचं: या ओळीवर एरर आली पाहिजे, असेंब्लीत हे सापडलं पाहिजे. सगळं हाताने, विचार करून.

एलएलव्हीएम २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालं. तिथे बऱ्याच टेस्ट म्हणजे आउटपुट सरळ ग्रेपमध्ये ढकलायचं. आता ग्रेपला संदर्भ कुठे कळतो? 'ॲड' शोधायला सांगितलं आणि फंक्शनच्या नावातच 'ॲड' असलं, की झाली पास. 'अमुक इन्स्ट्रक्शन नको' अशी टेस्ट असेल आणि आउटपुटच रिकामं आलं, तरी पास!

२००९ साली ख्रिस लॅटनरने फाइलचेक लिहिलं. अपेक्षा टेस्टमध्येच, 'चेक' या शब्दापुढे. ओळी त्याच क्रमाने हव्यात, ही लगेच पुढच्याच ओळीवर हवी, ही मध्ये अजिबात नको, असं सगळं सांगता येतं. रजिस्टरला नाव देऊन पुढे तेच आलं पाहिजे, अशी अटही घालता येते. रिकामं आउटपुट आलं तर फाइलचेक आपणहून तक्रार करतं. मला विचाराल तर इतक्या छोट्या प्रोग्रामने इतकं मोठं काम क्वचितच केलं असेल.

पण व्हेक्टर शफलसारख्या भागात एक सुधारणा केली की ढीगभर चेक मोडायचे, आणि ते हाताने दुरुस्त करणं म्हणजे शिक्षाच. म्हणून २०१०च्या दशकाच्या मध्यात स्क्रिप्ट आल्या. टेस्टच्या डोक्यावरची कमांड चालवायची, आउटपुटमधली तात्पुरती नावं व्हेरिएबलने बदलायची, प्रत्येक ओळीला 'चेक-नेक्स्ट' लावायचं, आणि वर टीप: या अपेक्षा आपोआप तयार झाल्या आहेत.

इथे 'अपेक्षित' या शब्दाचा अर्थच बदलला. हाताने लिहिलेला चेक सांगायचा, की भागाकार जाऊन शिफ्ट आला पाहिजे, बस्स. स्क्रिप्ट वीस ओळी गोठवते, त्यातली महत्त्वाची कोणती ते कुणालाच कळत नाही. एलएलव्हीएमच्या लोकांनी यावर छान तोडगा काढला. नवी टेस्ट आधी जुन्या कंपायलरच्या आउटपुटसकट टाकायची, ते वाईट असलं तरी. मग सुधारणा आली की डिफमध्ये फक्त बदललेल्या ओळी दिसतात, आणि रिव्ह्यू करणारा तेवढ्याच वाचतो. म्हणजे परीक्षक आता फाइलीत नाही, डिफ वाचणाऱ्या माणसात आहे. तो मी शुक्रवारी गैरहजर होतो.

काल रात्री लॅपटॉप उघडून डिफ वाचला. बारा ओळी. अकरांत रजिस्टरांची अदलाबदल, निरुपद्रवी. बाराव्या ओळीत साइन-एक्सटेंडच्या जागी झीरो-एक्सटेंड. म्हणजे ३२ बिटांतला उणे एक ६४ बिटांत गेला की ४,२९,४९,६७,२९५.

आज सकाळी टेस्ट परत लाल करून ठेवली आहे.