विणकरांच्या टेकडीवरची रेल्वे

फ्रान्समधील ल्यों शहरात र्‍होन आणि सोन या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या सखल भागाच्या उत्तरेस क्र्वा-रूस ही टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे कान्यू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेशीम विणकरांची दाट वस्ती झाली. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी उठवणारा जाकारचा माग जुन्या शहरातील ठेंगण्या घरांत मावत नसल्याने टेकडीवर सुमारे चार मीटर उंचीच्या खोल्यांची घरे मुद्दाम बांधली गेली होती. सूत देणारे आणि तयार कापड घेणारे व्यापारी मात्र पायथ्याशीच होते. कापडाची मजुरी लांबीवर ठरत असे, त्यामुळे सूत आणण्यासाठी व ताका पोहोचवण्यासाठी केलेली चढ-उतार विणकराच्या पदरचीच राही. मजुरीच्या दरावरून १८३१ मध्ये उठाव झाला, तेव्हा विणकर याच उतारावरून शहरात उतरले होते.

क्र्वा-रूस हे तोवर स्वतंत्र असलेले नगर १८५२ मध्ये ल्योंला जोडले गेले आणि टेकडी व शहर यांच्यातील दळणवळण हा एकाच नगराचा प्रश्न बनला. त्यावरचा उपाय ३ जून १८६२ रोजी र्‍यू तेर्म या रस्त्यापासून माथ्यापर्यंत सुरू झाला, तो फ्युनिक्युलरच्या रूपाने. सप्तशृंगी गडामुळे मराठी भाविकांच्या परिचयाची झालेली ही रेल्वे मुख्यतः वजनांच्या तोलावर चालते: एकाच दोराच्या दोन टोकांना जोडलेल्या गाड्यांपैकी एक उतरत असताना दुसरी चढते, आणि दोघींच्या भारातील फरक व घर्षण यांवर मात करण्यापुरतीच शक्ती यंत्राला लावावी लागते. ल्योंमध्ये ती शक्ती एका जागी बसवलेल्या वाफेच्या यंत्राची होती. सुमारे पाचशे मीटर लांबीचा हा मार्ग शहरी वाहतुकीसाठी बांधलेला जगातील पहिला फ्युनिक्युलर मानला जातो, आणि त्याला मिळालेले ‘फिसेल’, म्हणजे दोरी, हे नाव पुढे शहरातील अशा सर्वच मार्गांना लागू झाले.

विणकरांच्या दृष्टीने ही सोय उशिराच आली, असे म्हणणे भाग आहे. शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक माग वाढत गेले, विणकाम शहराबाहेर सरकत गेले, आणि ज्या ओझ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठी वाकवल्या ती ओझीच टेकडीवरून कमी होत गेली. दोरीचे मार्ग मात्र वाढले: पलीकडच्या सें-ज्यूस्तला १८७८ मध्ये, क्र्वा-रूसलाच क्र्वा-पाके येथून १८९१ मध्ये, आणि चर्चसाठी प्रसिद्ध असलेल्या फूर्व्हिएर टेकडीला १९०० मध्ये.

र्‍यू तेर्मचा मार्ग १९६७ च्या अखेरीस बंद झाला आणि त्याच्या बोगद्यातून मोटारींचा रस्ता काढण्यात आला. ज्या मार्गाने शहरी फ्युनिक्युलरचा इतिहास सुरू झाला, त्याचे असे विसर्जन व्हावे ही मोठी हानी होय. क्र्वा-पाकेच्या मार्गावर १९७४ मध्ये दोराऐवजी दातेरी रूळ, म्हणजे गाडीच्या दंतचक्राला पकड देणारा मधला रूळ, बसवण्यात आला, आणि १९७८ पासून तो शहराच्या मेट्रोचा भाग आहे. सें-ज्यूस्त व फूर्व्हिएर येथील गाड्या आजही दोरावरच चढतात.