नऊवारीचे अनेक जन्म : कोल्हापूरचा उन्हाळा आणि कापडटंचाई

१९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू झाला. १९०६ साली राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. तरीही १९४० च्या दशकात इथल्या घराघरांत कापड जपून वापरावे लागत होते. कारण दुसरे महायुद्ध! देशातील गिरण्यांच्या मालाचा मोठा वाटा सैन्याकडे वळला, भाव कडाडले आणि १९४३ मध्ये सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणले.

अशा दिवसांत उन्हाळ्याचा घरगुती वेश साधाच असे. पुरुषांना धोतर-बंडी, मुलग्यांना मांजरपाटाची नाडीची चड्डी, मुलींना परकर-पोलके. आईचे लुगडे धुऊन धुऊन मऊ झाले, की त्याचेच तान्ह्याला झबले, दुपटे होई. उरलेल्या चिंध्या वाकळीत जात. उकाड्यात अंगाला सुखावणारा तो मऊपणा विकत मिळत नसे, वापरातूनच येई.

राजघराण्यांचे भरजरी पोशाख संग्रहालयांत टिकले, कारण ते क्वचितच अंगावर चढले. सामान्यांचे कपडे मात्र झिजेपर्यंत वापरले गेले, म्हणून ते तिथे दिसत नाहीत.

मित्रहो, घरी आजीची वाकळ असेल तर टाकू नका. तिचा एकेक थर म्हणजे त्या काळाचे अस्सल दप्तर आहे.