जॉनहा

कोरियन ऐतिहासिक प्रेममालिकांचं मला वेड आहे. त्यांत सतत कानी पडणारा शब्द म्हणजे ‘जॉनहा’. उपशीर्षकांत त्याचं ‘महाराज’ होतं. मूळ चिनी अक्षरांचा अर्थ मात्र ‘प्रासादाच्या खाली’. राजाला थेट हाक मारायची नाही, खाली उभ्या सेवकांकरवी बोलायचं, ही त्यातली अदब. आपल्या जुन्या पत्रांतलं ‘सेवेसी’ आठवावं, तशी.

सम्राट ‘पेहा’, म्हणजे ‘पायऱ्यांखाली’, राजा ‘जॉनहा’, युवराज ‘जॉहा’. कोर्यो राजघराणं मंगोलांच्या वर्चस्वाखाली आलं आणि १२७६ मध्ये तिथल्या राजाचा ‘पेहा’ जाऊन ‘जॉनहा’ आला. १८९७ मध्ये कोरियाचा राजा कोजोंग याने स्वतःला सम्राट घोषित केलं, तेव्हा ‘पेहा’ परतला.

‘द रेड स्लीव्ह’ (२०२१) या मालिकेचं सगळं दुखणं या श्रेणीत आहे. नायक यी सान आधी ‘जॉहा’ असतो. १७७६ मध्ये तो राजा जॉंगजो होतो आणि राजवाड्यात दासी असलेल्या दॉगिमच्या तोंडी ‘जॉनहा’ येतं. मध्ये फक्त एक ‘न’ शिरतो, पण दोघांतलं अंतर केवढं वाढतं! इतिहासातल्या दॉगिमनेही त्याची उपपत्नी व्हायला नकार दिला होता, हे कळल्यापासून तो ‘न’ मला जास्तच बोचतो.

जपानी राजपुत्रांना ‘जॉनहा’चीच चिनी अक्षरं आजही ‘देन्का’ म्हणून लागतात. कोरियात याच कुळातलं ‘काखा’ राष्ट्राध्यक्षांना लावत. आता त्यांना साधं ‘निम’ पुरतं, शिक्षकांना लावतात तेच. ‘जॉनहा’ ऐकू येतं ते मुख्यतः मालिकांत.