प्लेगचे क्रूस: दगडावरून श्रद्धा वाचता येते का?

माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत किंवा वांद्र्याच्या रानवारमध्ये फिरलात तर वस्तीत क्रूस उभे दिसतील. मुंबईतल्या अशा बऱ्याच क्रुसांना लोक ‘प्लेगचे क्रूस’ म्हणतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, पण रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमोंनं दाखवलं १८९८ मध्ये, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे मधल्या काळात सरकारही अंधारातच चाचपडत होतं. गटारं धुवा, भिंतींना चुना लावा, आजाऱ्याला घरातून उचला. लोकांना रोगाइतकीच इस्पितळाची धास्ती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, तो उगाच नाही.

या भीतीत ईस्ट इंडियन आणि गोवेकर कॅथलिक वस्त्यांनी क्रूस उभारले, तिथे जमून प्रार्थना केली. (ईस्ट इंडियनांची बोली मराठीचीच, हे मुंबईबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.) ‘विज्ञान नव्हतं म्हणून देव आठवला’ हे स्पष्टीकरण सोपं आहे, पण मला पटत नाही. हाफकिननं स्वतःला लस टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ ला, याच शहरात. क्रुसापुढे गुडघे टेकणारा माणूस लस घेत नसेल असं कशावरून?

आता पुराव्याची गोची बघा. काही क्रूस प्लेगच्या आधीपासूनचे आहेत. साथीनंतर लोकांच्या आठवणीनं त्यांनाही प्लेगचं करून टाकलं. कोरलेलं साल डागडुजीचंही असू शकतं. म्हणून साल एकटं वाचू नका, त्या पॅरिशच्या दफनाच्या नोंदींशेजारी ठेवून वाचा. मृत्यू वाढत असताना उभारलेला क्रूस म्हणजे धावा. ओसरल्यावरचा असेल तर बहुधा फेडलेला नवस.

पण मुंबईत साथ वर्षानुवर्षं परतत राहिली. समजा, क्रुसावर १८९८ आहे. गेल्या वर्षी वाचलो म्हणून, की यंदा वाचव म्हणून? इथे दगड गप्प बसतो. वर्गणीची एखादी वही किंवा घरातली पत्रं हाती लागली, तरच पुढे जाता येतं.