टेल्को : पोस्टकार्ड ते शनिवारवाडा

'आमच्या कंपनीचं कल्चर एकदम भारी' हे वाक्य हिंजवडीच्या बसमध्ये हमखास कानावर पडतं. पण भारी म्हणजे नेमकं काय? फुकट जेवण? कॅरम बोर्ड? आज याचं उत्तर पुण्यातल्याच एका कंपनीच्या इतिहासात शोधूया. ती कंपनी म्हणजे टेल्को, आजची टाटा मोटर्स.

टेल्कोचा पुण्यातला कारखाना १९६६ चा. त्यामागचा माणूस सुमंत मूळगावकर. 'सुमो' गाडीचं नाव त्यांच्याच नावावरून आलं, बरं का! पिंपरी-चिंचवडच्या माळावर त्यांनी झाडं लावली, तळं केलं आणि तरुणांना कारागिरी शिकवण्यावर भर दिला. घरात कोणी टेल्कोत लागलं की पेढे वाटले जायचे.

पण १९७४ मध्ये याच टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, महिलांनी अर्ज करू नयेत. बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, चिडल्या आणि त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरीही मिळाली. म्हणजे बघा, दार बंद करणारी आणि उघडणारी कंपनी एकच. मधे फक्त एक पोस्टकार्ड!

आता १९८९. कंपनीने काढून टाकलेले राजन नायर कामगारांचे नेते झाले होते. व्यवस्थापन त्यांच्याशी बोलायला तयार नव्हतं. वातावरण तापलं, मारहाणीचे प्रकारही घडले. कंपनीने करार केला तो दुसऱ्या युनियनशी. मग नायर यांच्यामागचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. सप्टेंबरअखेरीस पोलिसांनी एका रात्रीत त्यांना उचललं आणि संप मोडला.

कंपनी जिंकली. पण आपण कामगारांना गृहीत धरलं होतं, हे रतन टाटांनी पुढे मान्य केलं.

झाडं तीच होती, तळंही तेच होतं. मग बिनसलं कुठे? मला वाटतं, सोयी देणं आणि ऐकून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पैशाने जमते. दुसरीसाठी वरच्या माणसाला खाली उतरावं लागतं.

तेव्हा पुढच्या इंटरव्ह्यूत कँटीनबद्दल जरूर विचारा. पण सोबत हेही विचारा : इथे तक्रार केलेला माणूस आज कुठे आहे?

भेटूया पुढच्या भागात!