ढाल कुणाच्या हातात?

चोराने घरात शिरायचे, मार खायचा आणि वर घरमालकावरच नुकसानभरपाईचा दावा ठोकायचा, हे ऐकून कुणाचेही डोके तापेल. त्यामुळे पीडिताला अशा दाव्यापासून कायद्याने वाचवा ही मागणी रास्तच वाटते. पण मित्रांनो, कायदा पीडित कुणाला म्हणतो आणि गुन्हेगार कुणाला, हे आधी तपासा.

२२ डिसेंबर १९८४. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार काळ्या तरुणांपैकी एकाने बर्नहार्ड गोएट्झ या गोऱ्या प्रवाशाकडे पाच डॉलर मागितले. गोएट्झने चौघांवरही गोळ्या झाडल्या. १९ वर्षांचा डॅरेल केबी मणक्यात गोळी लागून कायमचा पंगू झाला. ती पोरे साधुसंत नव्हती, मान्य. पण पाच डॉलरसाठी ही शिक्षा ठरवली कुणी? १९८७ मध्ये ज्युरीने गोएट्झला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त केले, शिक्षा झाली ती फक्त बेकायदा पिस्तुलाची. केबीला न्याय मिळाला तो दिवाणी दाव्यात. १९९६ मध्ये ब्राँक्सच्या ज्युरीने त्याला ४ कोटी ३० लाख डॉलर मंजूर केले. गोएट्झने दिवाळखोरी पुकारली, ते वेगळे.

म्हणजे फौजदारी दार बंद झाल्यावर दिवाणी दार तेवढे उघडे होते. २००५ मध्ये फ्लोरिडाने नेमके तेच लावले. बंदूक लॉबीच्या जोरावर आलेल्या या कायद्याने स्वसंरक्षण ग्राह्य धरले की खटलाही नाही आणि दावाही नाही. उलट दावा करणाऱ्यानेच समोरच्याचा वकील-खर्च भरायचा! २०१२ मध्ये १७ वर्षांचा निःशस्त्र ट्रेव्हॉन मार्टिन याच राज्यात मारला गेला, तेव्हा कायद्याकडे बोट दाखवून पोलिसांनी गोळी घालणाऱ्याला सुमारे सहा आठवडे अटकच केली नाही. ट्रेव्हॉनने कुठला गुन्हा केला होता?

इंग्लंडची वाट वेगळी आहे. १९९९ मध्ये टोनी मार्टिन या शेतकऱ्याने घरात शिरलेल्या १६ वर्षांच्या मुलाला ठार केले. जखमी साथीदाराने पुढे भरपाईचा दावा लावला आणि देशभर संताप उसळला. २००३ च्या कायद्याने तिथे ढाल आली, पण अटींसह. दावा करणारा त्याच प्रसंगातल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला असेल तरच त्याला न्यायालयाची परवानगी लागते, आणि झालेला प्रतिकार अगदीच प्रमाणाबाहेर असेल तर ती परवानगी मिळू शकते. गुन्हेगार कोण हे न्यायालय ठरवते, बंदूकवाला नव्हे.

आपल्याकडे स्वसंरक्षणाचा हक्क दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, आज तो न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. कागदावर तो सर्वांचा आहे. वस्तीवर हल्ला झाला आणि पोरांनी काठी उचलली, की ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीपाठोपाठ मारहाणीची, दरोड्याची उलट फिर्याद येते आणि मग तडजोडीसाठी दबाव सुरू होतो. आपल्या माणसाला ढाल हवी ती इथे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५ अ पीडित, त्याचे कुटुंब आणि साक्षीदार यांना धाकदपटशापासून वाचवण्याची जबाबदारी शासनावर टाकते. उलट फिर्याद दाखल झाली त्याच दिवशी विशेष न्यायालयात या कलमाखाली अर्ज द्या.